मदत हवी आहे : सर्व्हर रूमचं तापमान वाढवावं का?

नमस्कार मंडळी,

महापे एमआयडीसीत आमच्या कंपनीचं स्वतःचं छोटं डेटा सेंटर आहे, साधारण 40 रॅकचं. कूलिंगची जबाबदारी माझ्याकडे. पीयूई (एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज) 1.8 च्या खाली येतच नाही. म्हणजे सर्व्हरना लागणाऱ्या दर युनिटमागे 0.8 युनिट कूलिंग, यूपीएस वगैरेंवर जातं. हे मला फार खुपतं.

सध्या सर्व्हरच्या तोंडाशी 20 अंश हवा देतो. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस 18 ते 27 ची आहे, म्हणून टप्प्याटप्प्याने 25 पर्यंत न्यायचा विचार आहे. साहेबांना सर्व्हर बंद पडण्याची धास्ती, आणि ती चुकीची नाही. रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल (जागा झाकणाऱ्या पट्ट्या) अजून लावलेली नाहीत, त्यामुळे गरम हवा पुढे वळते. आधी ती लावू.

कोणी असं केलंय का? तापमान वाढल्यावर सर्व्हरचे पंखे जोरात फिरून वाचलेली वीज खातात, ते नेमकं किती अंशांवर जाणवलं?

दुसरं, चिलर (कूलिंगसाठी पाणी गार करणारं यंत्र) बदलायचाय. वॉटर-कूल्ड घेतला तर वीज वाचते, पण कूलिंग टॉवरला रोज पाणी लागतं. मे महिन्यात ते मागायला मन धजत नाही. एअर-कूल्डवाल्यांचा अनुभव सांगाल का?