सोलरच्या लाइनीत हवा धरते, थंड नळाला दुधाळ पाणी येतं. कारण एकच की वेगवेगळं?

रोहाउस_इंदिरानगर
नाशिक, दोन मजली रो-हाउस. गच्चीवर १००० लिटरची टाकी, शेजारी २०० लिटरचा सोलर. थंडी पडली की खालच्या बाथरूमचा गरम नळ सकाळी फुरफुरतो, धार बारीक होते आणि बंदच पडते. स्वयंपाकघरातला थंड नळ अधूनमधून दुधाळ पाणी देतो, विशेषतः टाकी भरत असताना. प्लंबर म्हणतो, गरम लाइनीला प्रेशर पंप बसवा. बसवावा का?

सरळनळी
पंप आत्ता नको. हवा अडकलेल्या लाइनीवर पंप लावला तर तो हवाच ओढेल आणि कोरडा फिरून सील जाळेल. शिवाय घरगुती सोलरची साधी टाकी दाबासाठी बनवलेली नसते.

आधी थंड नळाचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती हवा. वरून निवळून तळाला गाळ बसला तर टाकी धुवायची वेळ आली आहे. हवाच असेल तर पाणी प्यायला काही हरकत नाही.

गरम लाइनीचं गणित असं. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २० मिलिलिटर हवा विरघळलेली असते. ६० अंशांना त्यातली जेमतेम निम्मी टिकते, उरलेली बुडबुडे होऊन सुटते. म्हणजे २०० लिटर तापले की दीड-दोन लिटर हवा मोकळी होते. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण ०.३ लिटर मावतं, तेव्हा त्यातली थोडी जरी लाइनीत शिरली तरी पुरे. थंडीत त्रास वाढतो कारण गार पाण्यात मुळात हवा जास्त असते आणि गरम पाण्याचा वापरही वाढतो. पातेल्यात पाणी उकळायच्या कितीतरी आधी तळाला चिकटणारे बारीक बुडबुडे हीच हवा, वाफ नव्हे.

पण हवा सुटणं हा दोष नाही. तिला बाहेर जायला वाट नसणं हा दोष. सोलरच्या आउटलेटचा पाइप कठड्यावरून उलटा यू करून खाली उतरवलाय का?

रोहाउस_इंदिरानगर
हो, कठड्यावरूनच. सोलरच्या आउटलेटपेक्षा दोनेक फूट वर चढतो.

सरळनळी
मग हवा तिथेच बसते. थंड टाकीतल्या पाण्याची पातळी त्या माथ्यापेक्षा फूटभरच वर असेल तर तिला ढकलायला ०.०३ बारच जोर मिळतो. पक्का उपाय म्हणजे कठड्याला भोक पाडून पाइप आउटलेटच्या खालूनच, सतत उताराने न्यायचा. ते शक्य नसेल तर माथ्यावर एल्बोऐवजी (काटकोनी जोडाऐवजी) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून अर्धा इंची एअर पाइप उभा करा. त्याचं तोंड थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा किमान फूटभर वर हवं, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहील. तोंड खाली वळवून जाळी बांधा.

आजच्यापुरतं: बाथरूमच्या गरम-थंड मिक्सर नळाचं तोंड तळव्याने घट्ट दाबून गरम-थंड दोन्ही कॉक मिनिटभर उघडा. थंड पाणी गरम लाइनीत उलटं चढून हवेला सोलरकडे ढकलतं. सुरुवातीला तोंडाशी गरम पाणी असू शकतं, म्हणून हात सांभाळा. हे करायला पालिकेची थेट लाइन पाइपाने जोडू नका. आपलं पाणी त्यांच्या लाइनीत उलटं जाऊ शकतं.

पंपवाला_सातपूर
थंड नळाबद्दल. टाकी भरतानाच दुधाळ येत असेल तर टाकीत बघा. वरून पडणारी धार हवा घेऊन खाली जाते आणि आउटलेट शेजारीच असेल तर ते बुडबुडे थेट नळाला. इनलेट समोरच्या बाजूला न्या. पाइप टाकीत खोल सोडणार असाल तर टाकीच्या आत, पाण्याच्या वर, त्याला ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा. नाहीतर टाकी भरणारा पंप बंद झाल्यावर टाकीतलं पाणी त्याच पाइपाने मागे खेचलं जाईल. इंची आउटलेटवर सहा इंच पाणी तरी राहू द्या. पातळी त्याखाली गेली की भोवरा होऊन हवा ओढली जाते.

दुसरी शंका सक्शनची, म्हणजे त्या पंपाकडे पाणी ओढून आणणाऱ्या पाइपाची. डिलिव्हरीचा (पंपातून वर जाणाऱ्या पाइपाचा) सांधा सैल असेल तर पाणी ठिबकतं आणि दिसतं. सक्शनचा सैल असेल तर थेंबही पडत नाही, उलट हवा आत जाते. पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे आटे उघडून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा. सक्शनच्या खालच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) तळापासून फूटभर वर आणि पाण्यात निदान फूट-दीड फूट बुडलेला हवा. सक्शन पाइप पंपाकडे सतत चढता हवा, मध्ये कुबड आलं की हवा तिथे साठते आणि प्रायमिंग (पंपात भरून राहिलेलं पाणी) सुटतं. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब बंद करा. फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पालिकेच्या वेळेला पाणी सुटताना पहिली काही मिनिटं नळ फुसफुसतो, ती रिकाम्या लाइनीतली हवा. तिथे आपल्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

गच्ची_ते_तळघर
एक महत्त्वाचं राहिलं. सोलरच्या टाकीवर आधीच एक एअर पाइप असतो. त्यातून वाफ किंवा पाणी येतं म्हणून काही जण कॅप लावतात किंवा त्याला कॉक बसवतात. हे कधीही करू नका. उन्हाळ्यात वापर नसताना आत दाब वाढून टाकी फुटू शकते. उलट, थंड पाणी बंद असताना खालून गरम पाणी उपसलं तर आत पोकळी होऊन टाकी चेपते. आधी गच्चीवर जाऊन तो पाइप उघडा आहे ना, त्यात गांधीलमाशीने घर केलेलं नाही ना, हे तपासा. तो तुंबलेला असेल तर सुटलेल्या हवेला तुमच्या नळाखेरीज दुसरी वाट उरत नाही.