अमेरिकेत छापलेलं पहिलं बायबल इंग्रजी नव्हतं?

प्रश्न
लेकीकडे बॉस्टनजवळ आले आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, इथं छापलेलं पहिलं बायबल इंग्रजीत नव्हतंच. मला पटेना. लोक इंग्लंडहून आलेले, मग पुस्तक दुसऱ्या भाषेत कसं? कुणी नीट सांगाल का?

प्रतिसाद 1
आजींचं बरोबर आहे, ताई. 1663 मध्ये केंब्रिजला, म्हणजे तुमच्या जवळच, ते छापलं गेलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेत. भाषांतर मिशनरी जॉन एलियटच्या नावावर आहे, पण छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला निपमक जमातीचा जेम्स प्रिंटर होता. त्याचंही नाव घेतलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.
इंग्रजी बायबल छापायचा हक्क राजाने ठरावीक मुद्रकांनाच दिलेला, म्हणून प्रती इंग्लंडहून यायच्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्या बंद झाल्या. मग फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट एटकेनने 1782 मध्ये इंग्रजी बायबल छापलं आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याची शिफारस केली.

प्रतिसाद 2
पुढचं ऐका. ही मॅसॅच्युसेट भाषा शंभराहून जास्त वर्षं कुणाच्या तोंडी नव्हती. तिथल्याच मूळ रहिवाशांपैकी वाम्पानोआग समाजाच्या जेसी लिटल डो बेयर्ड यांनी ती पुन्हा उभी केली, आणि शब्द शोधायला एलियटचं हेच बायबल कामी आलं. आज मुलं ती शिकतात. वाचताना माझे डोळे भरून आले होते.

प्रतिसाद 3
1813 मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरीही मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे तिथल्याच, संस्थेचे. त्यांनी मराठी शिकून 1826 मध्ये मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापला.

प्रश्नकर्ती
आजींना आत्ताच जाऊन सांगते!