गोल खाल्ला की पोरं ढेपाळतात, काय करू?

डिचोलीकर:
नमस्कार. गावच्या 17 वर्षांखालच्या मुलांची टीम दोन वर्षं सांभाळतोय. पोरं खेळायला चांगली आहेत, दमही आहे, पण एक गोल खाल्ला की संपलं. रविवारी शेवटची वीस मिनिटं राहीपर्यंत 1-0 ने पुढे होतो. ओला चेंडू कीपरच्या हातातून निसटला, बरोबरी झाली, आणि नऊ मिनिटांत आणखी तीन बसले. पहिल्या गोलनंतर स्टॉपरने (मधल्या डिफेंडरने) सगळ्या गावासमोर कीपरवर आरडाओरडा केला. येताना पोरगा पिकअपमध्ये मागे एकटा बसला होता, ग्लोव्हजसुद्धा काढले नव्हते. सोमवारपासून सरावाला नाही. समजावून थकलो. कुणीतरी मार्ग सांगा.

फोंड्याचा जुना स्टॉपर:
बाब, आधी त्या पोराच्या घरी जा. फोन करू नका, जा. आणि स्टॉपरला बरोबर न्या. तिथे फुटबॉलचा विषय काढायची गरज नाही, चहा घ्या आणि या.

मी 19 वर्षं पोरांना शिकवतोय. माझ्याकडे एक नियम आहे: आपल्या जाळ्यातला चेंडू कीपरने काढायचा नाही. सगळ्यात जवळचा डिफेंडर आत जातो, चेंडू काखेत घेतो, कीपरला हात देऊन उठवतो, मग मध्यावर येतो. ही दहा-बारा सेकंदं आम्ही सरावात घोटतो, कॉर्नर घोटतो तशी. हात देऊन उठवलेल्या माणसावर लगेच ओरडता येत नाही, मी करून बघितलंय.

दुसरं, दर गुरुवारी सरावाची मॅच 0-2 पासून सुरू करा. पिछाडीवरची टीम मुख्य पोरांची, वेळ पंधरा मिनिटं. सुरुवातीला चिडतील. महिन्याभराने 0-2 ची भीती जाते, कारण तिथे ती रोजची झालेली असतात.

आणि टूर्नामेंट आली म्हणून बाहेरची पोरं पैसे देऊन आणत असाल तर आजच थांबवा. वर्षभर चिखलात राबलेला मुलगा बाकावर बसतो, तो कुणासाठी धावेल? गोव्याचा धेंपो क्लब बघा. 5 डिसेंबर 2004, बंगळूर, फेडरेशन कपची फायनल. मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल धेंपोच्या ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियरचे, आणि दुसरा मारताना कीपरशी टक्कर होऊन त्याचा जीव गेला. मला तो दिवस अजून आठवतो, आमच्या वाड्यावर त्या रात्री कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याच मोसमात कोच आर्मांदो कुलासोंच्या त्या टीमने राष्ट्रीय लीग जिंकली. 2011-12 पर्यंत त्यांच्या हाताखाली लीगची पाच जेतेपदं आली. परदेशी खेळाडू होतेच, पण समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची माणसं वर्षानुवर्षं एकत्र राहिली. एकमेकांच्या चुका पाठ होत्या त्यांना, म्हणून त्या झाकता यायच्या.

पेडण्याची कीपर:
सर, मी आठ वर्षं गोलमध्ये उभी राहिलेय. गोल खाल्ल्यावर "असू दे, असू दे" ऐकलं की जास्त लागतं. त्यापेक्षा पुढचं काम सांगा: "डाव्या बाजूला नऊ नंबर मोकळा आहे, बघ." तेवढ्याने डोकं परत मैदानात येतं. आणि पावसात ओला चेंडू पकडायचा हट्ट नको, मुठीने ठोसा मारू दे किंवा बाजूला ढकलू दे. बादलीत बुडवलेले चेंडू मारून सराव घ्या. रविवारी जे झालं त्यातलं अर्धं तिथेच सुटेल.

डिचोलीकर:
मंगळवारी स्टॉपरला घेऊन गेलो. तो दारातच थबकला होता. कीपरच्या आईने आत बोलावलं, चहा आणि शंकरपाळे दिले. दोघं अर्धा तास मोबाइलवर काहीतरी बघत बसले, रविवारचा शब्दही कुणी काढला नाही. गुरुवारी कीपर आला. 0-2 पासून सुरू केलं, 1-3 हरले. तिसरा गोल गेला तेव्हा मी शिट्टी तोंडात धरून बघत होतो. स्टॉपर जाळ्यात गेला, चेंडू काढला आणि दुसरा हात पुढे केला. बादली उद्या आणतो.