घरात सगळं तळलेलं आणि गोड, मला वजन उतरवायचंय. आईला न दुखावता कसं जमवू?

प्रश्न

मी ३६ वर्षांची. उंची १६० सेंटिमीटर, वजन ८४ किलो. आई-बाबा आणि धाकट्या भावासोबत राहते. दोन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं तर एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.१ टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण तुम्ही उंबरठ्यावर आहात, वजन कमी करा.

घरी स्वयंपाक आई करते. तेल सढळ हाताने पडतं आणि रोज एखादा तरी तळलेला पदार्थ असतोच. जेवणानंतर गोड हवंच. बाबांचा बिस्किटांचा डबा जेवणाच्या टेबलावर कायम उघडा असतो. भाऊ रात्री दहाला बाहेरून काहीतरी मागवतो आणि खोलीभर वास सुटतो. हे तिघंही बारीक आहेत, त्यामुळे "आम्ही हेच खातो, आम्हाला कुठे काय होतंय?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

महिनाभर मी वेगळं जेवले. संध्याकाळी सातला उकडलेल्या भाज्या, बाकी काही नाही. आई रोज म्हणायची, "चेहरा बघ कसा उतरलाय." मी नको म्हटलेलं ती वाटीत काढून, वर ताटली झाकून ओट्यावर ठेवायची, रात्री भूक लागली तर असावं म्हणून. आणि मला भूक लागायचीच. अकरा वाजता अंधारात उभ्याने ती वाटी संपवायची आणि वर बाबांच्या डब्यातली चार-पाच बिस्किटं. महिन्याअखेरीस वजन ८४.३.

परवा मी आईवर ओरडले, "तूच मला बारीक होऊ देत नाहीस." ती काही बोलली नाही. ताट वाढलं आणि आत निघून गेली. तेव्हापासून मला फार वाईट वाटतंय. वेगळं राहणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर मला तसं राहायचंही नाही. अशा घरात राहून कुणी वजन उतरवलंय का?

उत्तर १

ताई, मी उतरवलंय. आमच्या घरात सात माणसं. १४ महिन्यांत ११ किलो. पहिले पाच महिने मीही तुमच्यासारखंच करत होतो: माझं वेगळं, त्यांचं वेगळं. त्यात वजनही हललं नाही आणि घरातलं बोलणंही तुटलं.

मला उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. तेलाची नवी बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची. तुमच्याकडे चार माणसं आहेत. समजा एक लिटर पाच दिवसांत संपतं. म्हणजे दिवसाला २०० मिलि, माणशी ५० मिलि. ५० मिलि तेल म्हणजे जवळजवळ ४६ ग्रॅम, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी. चारशेच्या वर गेलं की नाही? तेही ताटात वेगळं न दिसता. तीच बाटली आठ दिवस पुरवली तर माणशी रोजचे दीडशे वाचतात. ताट तेच, चवही जवळपास तीच, आणि कुणाला काही सोडायला लावावं लागत नाही.

हे आमच्या वहिनीला सांगूनच केलं. बाटलीतून थेट ओतण्याऐवजी चमच्याने घालायचं, एवढंच तिला विचारलं. स्वयंपाक करणाऱ्याच्या नकळत काही करू नका. कळतंच, आणि मग विश्वास जातो.

उत्तर २

मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी असंच ताट सरकवायला लागली. तिने "नको" म्हटलं की मला ऐकू यायचं, तुझ्या हातचं नको. तिला तसं म्हणायचं नव्हतं हे आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. तीस वर्षं ज्या हाताने वाढलं, त्यात आता दोष निघतोय असं वाटून मी रात्री रडले आहे. तुझी आई आत निघून गेली ना, ती रागावून गेली नसेल.

मग एक दिवस मुलीने नकार द्यायचं थांबवलं आणि मागायला लागली. "आई, उद्या कडधान्य करशील? तुझ्यासारखं मला जमत नाही." दुसऱ्या दिवशी, "भाजी जास्तच कर, मला दोनदा लागेल." मला काय, मी लागले कामाला! मुलगी पोटभर जेवतेय हे दिसलं की तळलेलं एकच घेतलं का दोन, हे मी मोजणंच सोडलं.

आणि तो रिपोर्ट आईला दाखवलास का? दाखव. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत घेऊन जा. घराण्यात कुणाला साखर असेल तर तिला ते तुझ्याहून जास्त ठाऊक असेल. "मला बारीक व्हायचंय" हे आम्हाला हौस वाटते. "मला आजारी पडायचं नाही" हे लगेच कळतं.

उत्तर ३

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रात्री अकराची वाटी हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. सातला नुसत्या उकडलेल्या भाज्या खाल्ल्या तर अकराला भूक लागणारच. त्या जेवणात प्रथिनं नव्हती. डाळ, कडधान्य, अंडी, दही, मासे, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात असू द्या आणि घरच्यांसोबतच जेवा. अर्धं ताट भाजीचं, बाकी अर्ध्यात सगळं. तळलेला पदार्थ एक, सर्वांसोबत बसून, चवीने.

८४ हा आकडा बघून घाबरू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घेतलं होतं. त्यातल्या एका गटाला ७ टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळलं. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे सहा किलोच्याही आत. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी उत्तम.

काटा रोज पाहत असाल तर एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. मीठ, पाळी, पोटातलं पाणी यांनी किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. आठवड्याची सरासरी काढा. आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्याआधी करून फारसं काही हाती लागत नाही.

उत्तर ४

बिस्किटांचा डबा बाबांना कपाटात ठेवायला सांगा. खाऊ नका असं नाही, फक्त टेबलावर नको. आमच्याकडे एवढ्यानेच खूप फरक पडला. भावाचं मात्र सोडून द्या, त्याची दहाची वेळ झाली की तुम्ही दात घासून खोलीत जा.

प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरं उत्तर वाचून मी खूप रडले. त्याच रात्री आईजवळ जाऊन बसले आणि रिपोर्ट दाखवला. तिने ६.१ म्हणजे काय ते तीनदा विचारलं. मग म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी माफी मागितली.

आमची बाटली सहा दिवसांत संपायची. आता उघडलेली बाटली दहाव्या दिवशीही शिल्लक आहे, आणि तारीख आईच लिहिते. चवीबद्दल बाबांनी एकदाच तक्रार केली. डबा कपाटात गेलाय, पण ते विसरून पुन्हा बाहेर ठेवतात, मग मी उचलून आत ठेवते. भाऊ होता तसाच आहे. रात्रीच्या जेवणानंतर आई आणि मी अर्धा तास चालतो. आठवड्यातून चार दिवस तरी होतंच.

आठवड्याची सरासरी ८४.१ वरून ८३ वर आली आहे. अकराची भूक जवळपास गेली. झाकलेली वाटी मात्र परवा पुन्हा ओट्यावर दिसली. तेव्हा मी तिला हात लावला नाही. सकाळी गरम केली आणि आईसमोर बसून खाल्ली.