फाशांचं दान लपवलं. आता मैत्रिणीला सांगू का?

गडवाट:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे ट्रेकचे सोबती. गेलं दीड वर्ष एक शनिवार सोडून एक शनिवार माझ्या घरी जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात, काय जमलं ते फासे ठरवतात. पाचवी आवृत्ती, खेळवते मी. २०२३ च्या जानेवारीत नियमांचा गाभा (एसआरडी ५.१) क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झालाय, त्याच्या आधारे मी पात्रांचे कागद मराठीत केले: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. त्यानंतर खेळ पालटलाच. इंग्रजीत 'आय अटॅक' एवढंच म्हणून गप्प बसणारी माणसं आता किल्लेदाराला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण' यावर आपापसांत कुजबुजतात. एकदा एकाने चौकीवरच्या म्हाताऱ्या नाईकाला सरळ अरेतुरे केलं, तिथेच बोलणी फिसकटली. फासा हातात घ्यायची वेळही आली नाही.

आमच्या गोष्टीत ड्रॅगन नाहीत, हरिश्चंद्रगड आहे. केदारेश्वराच्या गुहेतलं हाडं गोठवणारं पाणी, चारातला एकच शाबूत राहिलेला खांब, तोलार खिंड. सगळं आमच्या पायाखालचं.

आता मुद्द्याचं. आमच्यातल्या एका मैत्रिणीचं तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, चालते-फिरते, पण डोंगर सुटला. आणि नळीची वाट, म्हणजे हरिश्चंद्रगडावर चढायची कातळातली अवघड वाट, तिचं वेड आम्हा पाचांत तिलाच सगळ्यात जास्त. खेळात तिचं पात्र रखमा: नियमांत क्लेरिक (दैवी शक्तीने बरं करणारी), आमच्या गोष्टीत सुईण आणि झाडपाल्याची जाणकार. कित्येक शनिवार ती फारसं बोललीच नाही. औषध द्यायचं, दान टाकायचं, परत गप्प.

गेल्या शनिवारी मंडळी बेलपाड्याहून नळीच्या वाटेने निघाली. मी वर्णन लिहून आणलं होतं. दोन वाक्यं वाचली असतील, तोच ती म्हणाली, "थांब, इथे असं नाहीये." आणि सांगायला लागली. कोणता धोंडा हलतो, ओल्या भिंतीला कुठे अंग घासून जायचं, हात कुठल्या बेचक्यात घालायचा. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत, बोटं खाचेत अडकवल्यासारखी वाकलेली. मी वही मिटून टाकली. चहा तसाच गार झाला, कोणी हात लावला नाही. तिने दोन दानं हुकवली, दोनदा घसरली, हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे आकडे) उतरले, तरी पुढे तीच. त्यामुळे वर पहिली तीच पोचली, बाकी तिघे अजून खाली दोराला.

वर बिबट्या होता. (आकडे एसआरडीतल्या पँथरचे.) पहिल्याच पंजात रखमा शून्यावर, बेशुद्ध. जगण्या-मरण्याचं पहिलं दान तिने टाकलं: ६. दहाच्या खाली, म्हणजे एक अपयश; तीन झाली की मरण. मग बिबट्याची पाळी. खेळणाऱ्यांना नियम माहीत आहेच: बेशुद्ध माणसावर जवळून केलेला वार लागला की तो क्रिटिकल, म्हणजे एकदम दोन अपयशं. एक आणि दोन तीन. रखमा संपली असती.

माझ्यापुढे जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा आडोसा असतो. त्यामागे वीस बाजूंचे दोन फासे टाकले (बेशुद्ध माणसावरच्या वाराला दोन टाकून मोठा धरतात). मोठा आकडा ११, बिबट्याचे ४ मिळवून १५. रखमाचं आर्मर १३, म्हणजे १३ किंवा जास्त झाले की वार लागतो.

मी "हुकला" म्हणाले आणि फासे उचलले.

पुढच्या पाळीला तिला १७ पडले, तेवढ्यात एक जण वर पोचला, पलित्याने बिबट्याला हुसकलं आणि रखमाच्याच बटव्यातलं औषध तिला पाजलं. सगळे ओरडले. रात्री तिचा मेसेज: "आज मी खरंच वर चढले गं."

तो वाचल्यापासून मला चैन नाही. सांगू का तिला? सांगितलं तर तिचा तो चढ मी हिरावून घेतल्यासारखं होईल का?

जुना भिडू:

सांगू नका. मी बरीच वर्षं खेळवतोय. आडोसा असतो तो यासाठीच, डंजन मास्टर्स गाइड या खेळवणाऱ्यांसाठीच्या पुस्तकातही आडोशामागे दान बदलण्याची मुभा मान्य केली आहे. तुम्ही गोष्ट वाचवलीत. दीड वर्ष जपलेलं पात्र एका पंजात घालवायचं, तेही तिच्या सगळ्यात चांगल्या दिवशी? मीही "हुकला"च म्हणालो असतो. आणि तिच्या आनंदाला खोट लागेल असं काहीही आता करू नका.

सोंगटी:

मला नाही पटत. आजोळी पावसाळ्यात सारीपाट मांडायचे. कवड्या पटावर पडल्या की आजी कोणालाही हात लावू द्यायची नाही, सगळ्यांनी वाकून मोजल्याशिवाय. लहान पोराची सोंगटी मरत असली तरी तेच. पण तीच आजी दान टाकायच्या आधी दुसरी सोंगटी चालवून पोराला वाचवायची.

तुमच्या बाबतीतही तेच करता आलं असतं. बिबट्या पडलेल्या सावजाचा तिथेच फडशा पाडतो असं थोडंच आहे? तो ओढून नेतो, जाळीत नेतो, झाडावर चढवतो. वार न करता रखमाला कड्याच्या कपारीकडे ओढायला लागला असता, तर वर येणाऱ्यांना दोन पाळ्या मिळाल्या असत्या, आणि धोका खराच राहिला असता. हे फासे हातात घ्यायच्या आधी ठरवायचं. मरण नको असेल तर मरणाचं दान टाकूच नका. एकदा टाकलंत की ते पाचही जणांचं.

मी खेळवतो तेव्हा आडोसा फक्त नकाशावर ठेवतो. फासे सगळ्यांसमोर.

शेवटचा बाक:

मी त्या मैत्रिणीच्या जागी होते म्हणून लिहिते. आमच्या गटात खेळवणाऱ्याने माझं पात्र असंच वाचवलं होतं. दोन वर्षांनी बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. राग त्या एका दानाचा आला नाही. त्या रात्री मी एकेक डाव आठवत बसले, की ते कोडं मी सोडवलं होतं का, तो दरोडेखोर खरंच माझ्या बोलण्याला भुलला होता का. कशावरच भरवसा उरला नाही. तो गट मी त्यानंतर महिन्याभरात सोडला.

तिला सांगा. फोनवर नको, सगळ्यांसमोर तर मुळीच नको. पुढच्या डावाच्या आधी, तिच्या घरी जाऊन. आणि समर्थन देत बसू नका, काय केलं तेवढं सांगा.

गडवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तिच्याकडे गेले होते. ती गुडघ्याचे व्यायाम करत होती, घोट्याला वाळूची पिशवी बांधून. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

ती पाय वर-खाली करायची थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "किती पडले होते?"

"अकरा. मिळवून पंधरा."

"आणि चढतानाची दानं?"

ती तर तिनेच टाकली होती, मधल्या परातीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पहिल्या कातळाला १२, दुसऱ्याला घसरली, मग १८, परत घसरली, शेवटच्या टप्प्याला १६. आकडे तिला माझ्याआधी आठवले. बोटांवर मोजले तिने. त्यांत माझा हात कुठेच नव्हता.

"म्हणजे वर मी चढले," ती म्हणाली. "वाचवलंस तू." मग म्हणाली, पुन्हा असं करायचं नाही. रखमा मरायची असेल तर मरेल, मी तिची लेक घेऊन येईन. मी कबूल केलं. पुठ्ठा आता फक्त नकाशापुरता, माझेही फासे परातीत पडतील.

सोंगटी, तुमचा बिबट्या तिला सांगितला. तिला तो फार आवडला. आता आमच्या गोष्टीत तसंच घडलंय असं आम्ही दोघींनी ठरवलं: त्याने रखमाला खांद्याला धरून कपारीपर्यंत ओढत नेलं होतं. बाकीच्यांनाही शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधी सगळं खरं सांगणार आहोत. रखमाच्या कागदावर तिने माझ्यासमोर पेनने लिहिलं: डाव्या खांद्यावर दातांचे वण.

निघताना दारात म्हणाली, "खांद्याला काय हवं ते कर. पायाला मात्र काही करू नकोस हं."