कोर्समधे बाहेरच्या व्हिडीओच्या लिंका टाकाव्यात का?

अक्कलकोट_रोड: आपल्या सोलापूरच्या एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणारे युनिट आहेत, तिथल्या ऑपरेटर लोकांसाठी आम्ही ऑनलाइन ट्रेनिंग चालवतो. लॉकस्टिच शिलाई मशीनच्या हुक टायमिंगचा, म्हणजे सुई आणि खालचा हुक यांची वेळ जुळवायचा, अख्खा धडा यूट्यूबवरच्या एका परक्या व्हिडीओवर होता, त्या चॅनलवाल्यानं तो प्रायव्हेट केला, अन् बॅचमधल्या एका ताईंचा फोन, "सर, नुसतं काळं दिसालंय." लिंका चालू आहेत का ते आपोआप तपासणारा आमचा लिंक चेकर मात्र सगळं ओके म्हणत होता, कारण काढलेल्या व्हिडीओचं पानसुद्धा २०० कोडच, म्हणजे 'पान नीट उघडलं' असंच उत्तर देतं. माझं मत, लिंक थेट धड्यात चिकटवायचीच नाही. सगळ्या एका शीटमधे ठेवायच्या, समोर धडा, कितव्या मिनिटापासून बघायचं, शेवटचं कधी तपासलं आणि बंद पडली तर बदली कुठली. तपासणारा माणूस एकच, ठरलेला.

होटगी_रोड: शीट कोण भरणार ओ? दोन महिने भरतात, मग कुणी उघडत नाही. परक्याचं घेताच कशाला? सुई अगदी खाली जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर उठली की हुकचं टोक सुईच्या खाचेपाशी आलं पाहिजे, एवढं दाखवायला एक मोबाईल आणि चांगला उजेड पुरतो. आपल्याच मशीनवर शूट करा, आवाज मराठीत आणि तेलुगूतही द्या, कामावरच्या कितीतरी बायका घरी तेलुगूच बोलतात, त्यांना ते लगेच कळेल.

नवी_पेठ: एवढी डोकेफोड कशाला, व्हिडीओ डाउनलोड करून आपल्या सर्व्हरवर टाका, विषय संपला.

अक्कलकोट_रोड: @नवी_पेठ नाही दादा, दुसऱ्याची मेहनत न विचारता उचलायची नाही, यूट्यूबच्या अटीतही ते बसत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन, म्हणजे इतरांनी वापरायला मालकानंच आधी दिलेली परवानगी, असेल तर नाव देऊन वापरा.

@होटगी_रोड हुकचं पटलं, ते आपणच शूट करू. पण बिलिंगच्या धड्याचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी, त्याच्यावर १८, आधी ही मर्यादा १००० होती. त्या दिवशी जुना व्हिडीओ चालू होता, लिंक ठणठणीत होती, आणि शिकवत होता चुकीचं. शिवाय यूट्यूबवर तीच लिंक ठेवून आतली फाईल बदलता येत नाही, नवीन टाकलं की लिंक नवीन. म्हणजे स्वतःचा व्हिडीओ असला तरी कुठल्या धड्यात काय लावलंय ते लिहून ठेवावंच लागतं की.

होटगी_रोड: जीएसटीला व्हिडीओच नको, एक पानी पीडीएफ द्या, दर बदलला की पान बदला.

सात_रस्ता: स्वतःचं म्हणजे सेफ असंही नाही हं. २०१७ च्या आधी अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारे) टाकलेले व्हिडीओ यूट्यूबनं जुलै २०२१ मधे प्रायव्हेट केले, मालकानं मुद्दाम नको म्हटलं असेल तेवढेच वाचले. मूळ फाईल हार्ड डिस्कवर पाहिजेच.

होटगी_रोड: ते मान्य, फाईल ठेवतोच. पण शीटला माझा विरोधच आहे. बॅच सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ट्रेनरनं आपल्या मोबाईलवर विद्यार्थ्याच्या लॉगिननं प्रत्येक धडा उघडून बघावा.

अक्कलकोट_रोड: आणि बॅच चालू असताना मधेच बंद पडला तर? बदलीची लिंक त्या वेळी कुठून शोधणार?