राउटर बंद-चालू करण्याआधी आयपी बघा

वर एकाने विचारलंय की लॅपटॉप वायफायला कनेक्टेड दाखवतो पण नेट चालत नाही, आणि बहुतेकांनी राउटर बंद-चालू करायला सांगितलंय. त्याने चालू होईलही, पण बिघाड कुठे होता ते कळणार नाही, आणि नवीन टेक्निशियनला तेच तर शिकायचंय.

आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड मारून आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे मशीनना आयपी वाटणाऱ्याकडून (बहुतेकदा राउटरच), उत्तरच आलेलं नाही, विंडोजने स्वतःच पत्ता घेतलाय. आयपी बरोबर असेल तर गेटवेला (नेटवर्कमधून बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटर) पिंग करून उत्तर येतं का बघा, मग ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटच्या नावाने. ८.८.८.८ लागतंय पण नावाने लागत नाही म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारा) बघायचा, केबल उपटत बसायचं नाही.

मागे कोथरूडला एका ऑफिसात अर्ध्या मशीनवर नेट चालू, अर्ध्यांवर बंद, आम्ही दोन तास स्विचपाशी (सगळ्या मशीनच्या केबल जिथे जोडतात तो डबा) उभे. नेट चालू असलेल्या मशीनचा आयपी १९२.१६८.१० ने सुरू होणारा, बंद असलेल्यांचा १९२.१६८.० ने. कुणीतरी घरचा जुना राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये भिंतीतली केबल लावली होती, त्यामुळे तोही आयपी वाटत सुटलेला, ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता मशीन घेणार. शेवटी बंद मशीनवर आयपीकॉन्फिग ऑलमध्ये (ipconfig /all) डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचली, त्या पत्त्याचा मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) काढला आणि स्विचच्या मॅक टेबलात, म्हणजे कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे त्या यादीत, पोर्ट सापडला, रिसेप्शनच्या टेबलाखालचा. ती ओळ पहिल्या पाच मिनिटांत वाचायला हवी होती.